शेजारच्या सीटपुढचा ब्रेक

मी एक जुना ब्रेक आहे. पण गाड्यांच्या कारखान्यात माझा जन्म झाला नाही. मित्रांनो, कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या गाडीत पायाने दाबायचा एकच ब्रेक असतो, चालकाचा. मी आहे दुसरा. माझी जागा चालकाच्या शेजारच्या सीटपुढे. तिथे एरवी लोक पाय ताणून बसतात, नाहीतर ओली छत्री टेकवून ठेवतात.

मला एका अरुंद गल्लीतल्या वेल्डिंगच्या दुकानात घडवले. लोखंडाची जाड पट्टी तापवून वाकवली, तिच्या टोकाला तळहाताएवढी पाटी जोडली आणि पाटीवर रेघारेघांचे काळे रबर बसवले. मग गाडीच्या तळाशी चार बोल्ट मारून मला बसवले आणि एका आडव्या दांड्याने चालकाच्या ब्रेकशी जोडले. मी खाली गेलो की तोही खाली जायचा. तो एकटा खाली गेला, तर मी मात्र जागचा हलत नसे. वेल्डरने मला तीनदा दाबून पाहिले आणि म्हणाला, "घ्या मास्तर. तुमच्या गाडीला अक्कलदाढ आली."

मास्तर म्हणजे माझे धनी. ते गाडी चालवायला शिकवत. त्यांची शाळा म्हणजे ही एक पांढरी गाडी, दारावरची निळी अक्षरे आणि स्वतः मास्तर. ते नेहमी पातळ तळव्याचे कापडी बूट घालत. जाड तळव्याच्या बुटात पाय बहिरा होतो, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी कधीही पाय माझ्यावर ठेवून दिला नाही. पाय माझ्यापासून दोन बोटे अलीकडे, टाच जमिनीला टेकलेली. पाय ठेवून दिला की नकळत भार पडतो, आणि शिकणाऱ्याला वाटते की गाडीच जड आहे.

अठरा वर्षे मी हे काम केले. मला दाबायची वेळ आली की मास्तर ओरडत नसत. गाडी थांबे. ते ती रस्त्याच्या कडेला घ्यायला सांगत आणि हलक्या आवाजात विचारत, "काय राहिलं?" म्हणजे बघायचे काय राहिले. शिकणाऱ्याने मागेपुढे पाहून, आठवून ते सांगायचे. सांगेपर्यंत गाडी हलायची नाही. एका दंतवैद्यांना अकरा मिनिटे लागली. अखेर ते म्हणाले, "थांबा असं लिहिलेली पाटी."

"बरोबर," मास्तर म्हणाले. "आता जशी निवांत वाचलीत, तशीच येताना वाचत चला. लोकांचे दात बघता, पाट्याही बघा."

प्रत्येक शिकणाऱ्याच्या नावाचे एक कार्ड असे. त्या दिवशी मला किती वेळा दाबले, तो आकडा त्यावर पडे. सुरुवातीला चौदा, नऊ, अकरा. मग चार. मग एक. ओळीने दहा दिवस शून्य आल्याशिवाय मास्तर कोणाला परीक्षेला पाठवत नसत. सगळे चिडत, पण परीक्षेहून परत येताना पेढे नाहीतर निदान हसू घेऊन येत.

कौतुकही वाट्याला आले. एकदा दोन उभ्या ट्रकांच्या मधून एक आजोबा काठी टेकत एकदम पुढे आले. शिकणाऱ्याचे हात स्टीअरिंगला चिकटल्यासारखे झाले. मास्तरांनी मला दाबले आणि गाडी काठीपासून हातभर अंतरावर थांबली. मास्तरांनी खोल श्वास घेतला आणि डॅशबोर्ड थोपटला. शाबासकी डॅशबोर्डला मिळाली. मी खाली होतो, तिथवर हात पोचत नाही. पण मला वाईट वाटले नाही.

पुढे शहरात एक मोठी शाळा निघाली. त्यांच्याकडे चकचकीत गाड्या होत्या, बसल्या जागी गाडी चालवायचा सराव करायला भिंतीएवढे पडदे होते, आठवड्यात गाडी शिकवण्याची हमी होती. दहा शून्यांची वाट बघायला कोण येणार? मास्तरांकडे अखेर एकच विद्यार्थिनी उरली. तिला घरी बारकी म्हणत, जरी ती घरात सगळ्यांत उंच होती. वय वीस. शिकायला तिला इतरांपेक्षा जास्त दिवस लागले, कारण "काय राहिलं?" चे उत्तर सापडल्यावरही ती लगेच निघत नसे. ते का राहिले, हेही तिला शोधायचे असे. "आरशात दिसलं होतं, मास्तर. पण मी आरशात बघितलं ते फक्त बघायचं म्हणून." असे बोलणारी ती पहिलीच.

तिचे दहा शून्य झाले, परीक्षा झाली, परवाना आला. मास्तरांनी शाळा बंद केली, दारावरची निळी अक्षरे खरवडून काढली आणि गाडी तिलाच अगदी कमी किमतीत दिली. बारकीच्या आईचे कपडे दुरुस्त करण्याचे दुकान होते. त्या दुकानामागच्या अंगणात गाडी उभी राहिली.

आणि तिथेच राहिली. रस्त्यावर आणायची तर विमा हवा, आणि विमा काढणे लांबणीवर पडत गेले. अडीच महिने गाडीवर जुन्या पडद्यांचे आच्छादन होते. माझ्या आणि दांड्याच्या मध्ये कोळ्याने जाळे विणले. माझ्यापुढे चिंध्यांचे एक गाठोडे आणून ठेवले होते. ज्याच्यामुळे एका म्हाताऱ्या माणसाचा जीव वाचला, त्याच्या नाकाशी फाटक्या अस्तरांचा ढीग. मित्रांनो, कामाच्या वस्तूच्या मनाला धुळीपेक्षा चिंध्या जास्त लागतात.

एके दिवशी दुपारी आच्छादन निघाले. बारकी, तिची आई आणि मामा असे तिघे गाडीत येऊन बसले. बारकी चालकाच्या सीटवर, मामा माझ्यापुढे, आई मागे. बारकीच्या हातात फोन होता आणि चेहरा ताणलेला.

गोष्ट अशी होती. बारकीला नोकरी मिळाली होती. वजनकाटे तपासणाऱ्या एका छोट्या कंपनीत. दुकानांतले, दवाखान्यांतले, औषधांच्या कारखान्यांतले काटे बरोबर दाखवतात की नाही, हे तिथले लोक फिरून तपासतात. त्यासाठी प्रमाण वजनांच्या पेट्या सोबत न्याव्या लागतात. छोटी वजने इतकी नाजूक, की ती चिमट्यानेच उचलायची, कारण बोटाचा तेलकटपणाही त्यांचे वजन बदलतो. मोठी वजने इतकी जड, की बसने नेणे अशक्य. म्हणून कंपनीच्या साहेबांची अट होती: सोमवारी दुपारी बारापर्यंत स्वतःची गाडी आणि तिचा विम्याचा कागद दाखवायचा. नाहीतर नोकरी यादीतल्या पुढच्या उमेदवाराला. त्या दिवशी मंगळवार होता.

विमा म्हणजे काय, तेही सांगतो. गाड्या चालवणारे हजारो लोक दरवर्षी थोडे थोडे पैसे एकत्र ठेवतात. त्याला हप्ता म्हणतात. ज्याच्या हातून अपघात होतो, त्याची आणि ज्याला लागले त्याची भरपाई त्यातून होते. तरुण चालकांच्या हातून अपघात जास्त होतात, म्हणून त्यांचा हप्ता मोठा. यात राग नाही, मोजमाप आहे. अडचण एवढीच, की मोजमाप सगळ्यांचे एकत्र होते आणि हप्ता एकेकीला भरावा लागतो.

बारकी अर्ज मोठ्याने वाचत होती. "वय वीस. परवाना मिळून तीन महिने. वापर... कामासाठी."

"अगं, कामासाठी कशाला लिहितेस?" मामा म्हणाला. तो फर्निचरच्या दुकानात विक्रेता होता आणि प्रत्येक गोष्टीला त्याच्याकडे मागचे दार असे. "फिरायला लिही. फिरायला स्वस्त पडतं."

"वजनं घेऊन कोण फिरायला जातं, मामा?"

"व्यायामाची आवड आहे म्हणायचं."

आई मागून हसली. बारकीने पुढचा प्रश्न वाचला. "गाडीच्या मूळ रचनेत काही बदल केला आहे का?" ती थांबली, वाकली आणि चिंध्यांचे गाठोडे बाजूला सारून माझ्याकडे पाहिले. मग तिने लिहिले, हो. जास्तीचा ब्रेक.

फोनने थोडा विचार केला आणि आकडा दाखवला. वर्षाचा हप्ता बारकीच्या पाच महिन्यांच्या पगाराइतका होता.

बारकीने आणखी तीन कंपन्यांचे अर्ज भरले. एकीने साडेपाच महिने सांगितले. दुसरीने नकार दिला. तिसरीने विचारले की गाडी शर्यतीसाठी आहे काय.

"शर्यत," मामा म्हणाला. "ब्रेक वाढवून कोण शर्यत जिंकतं? ऐक बारके. गाडी माझ्या नावावर दाखव. मुख्य चालक मी. तू अधूनमधून चालवतेस. माझा परवाना वीस वर्षं जुना आणि वीस वर्षांत एक अपघात नाही."

"वीस वर्षांत तू गाडी किती वेळा चालवलीस?"

"ते अर्जात विचारत नाहीत."

त्याने सांगितलेले खरे होते. त्याच्या नावावर हप्ता एका महिन्याच्या पगाराइतका आला. एवढे पैसे घरात होते. बारकीचा अंगठा फोनवर बराच वेळ थांबला. मी तिच्या पायांकडे बघत होतो. टाचा जमिनीवरून उचललेल्या होत्या.

मग आई बोलली. तिच्या गळ्यात मापाची फीत होती, तिचे टोक ती बोटाभोवती गुंडाळत होती. "आणि उद्या कुणाला धडक बसली तर? कंपनी विचारेल, कोण चालवत होतं. रोज कोण चालवतं. शेजारी सांगतील. मग ते म्हणतील, कागद खोटा, भरपाई नाही. ज्याचा पाय मोडला त्याला मी काय सांगू? आमच्या मामाला भेटा?"

"ताई, तू आधीच कुणाचे पाय मोडू नकोस."

"आणि ही दुसऱ्यांचे काटे तपासायला जाणार," आई म्हणाली. बारकीने अंगठा मागे घेतला आणि तो अर्ज पुसून टाकला.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. निदान मला काढले तर हप्ता उतरेल, असे सगळ्यांना वाटत होते. तो आडवा होऊन गाडीत शिरला, पान्याने माझा एक बोल्ट सैल केला आणि काढून खिशात ठेवला. "दहा मिनिटांचं काम," तो म्हणाला. मित्रांनो, मला वेदना होत नाहीत, पण अठरा वर्षांत पहिल्यांदा मी डगमगलो.

"थांबा जरा," बारकी म्हणाली. ती दाराशी उभी राहून फोनवर बघत होती. "जास्तीचा ब्रेक नाही, असं लिहून बघितलं. साडेचार महिने."

"म्हणजे अर्ध्या महिन्याचाच फरक?" मेकॅनिकने विचारले.

"हो. म्हणजे महाग ब्रेक नाही. महाग मी आहे."

तेवढ्यात मास्तर आले. गाडीला काय झाले ते बघायला आले होते. शाळा बंद झाल्यापासून ते कुठल्या ना कुठल्या निमित्ताने या अंगणात येत. त्यांनी सगळे ऐकून घेतले, मेकॅनिककडे हात पुढे करून बोल्ट परत मागितला आणि म्हणाले, "मला एक कळत नाही. माझ्या गाडीत अठरा वर्षं रोज नवशिकेच बसायचे. क्लच कुठला आणि ब्रेक कुठला ते माहीत नसलेले. तरी माझा विमा एवढा कधीच नव्हता."

बारकीने फोन खाली घेतला. "का नव्हता?"

"का म्हणजे? मी होतो ना शेजारी."

"तुम्ही," ती हळूच म्हणाली, "आणि हा." तिने खाली, माझ्याकडे बोट दाखवले. मग तिने विचारले, "तुमचा विमा कुठल्या कंपनीत होता?"

ती कंपनी म्हणजे एक लहानशी सहकारी संस्था होती, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांची. बारकी तिथे गेली तेव्हा मी अंगणातच होतो, त्यामुळे तिथले बोलणे मला माहीत नाही. एवढे माहीत आहे, की शुक्रवारी सकाळी त्या संस्थेतल्या एक बाई गाडी बघायला अंगणात आल्या. कोणाकडून किती हप्ता घ्यायचा, ते त्या ठरवत. बुटक्या, जाड भिंगांचा चष्मा, काखेत फाइल. मास्तर आणि मामा आधीच येऊन उभे होते. आई दुकानाच्या मागच्या दारात होती, हातात सुई तशीच.

"मला पुन्हा एकदा सांगा," बाई म्हणाल्या. "तुमचं म्हणणं काय?"

बारकीने घसा साफ केला. "तरुण चालकांचे अपघात जास्त होतात, हे मला मान्य आहे. पण शिकत असताना ते कमी होतात. परवाना मिळाला की लगेच वाढतात. पहिल्या सहा महिन्यांत सगळ्यांत जास्त. बरोबर?"

"आमच्या नोंदी तसंच सांगतात."

"परवाना मिळाल्यावर माणूस एका दिवसात वाईट चालवायला लागत नाही. फरक एकच होतो. शेजारची सीट रिकामी होते."

बाईंनी चष्मा वर सरकवला. "पुढे."

"मग मी ती सहा महिने रिकामी ठेवतच नाही. शेजारी अनुभवी माणूस असल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणणार नाही. त्याच्या पायाशी ब्रेक आहेच. तुम्ही माझ्याकडून मास्तरांच्या गाडीसारखा हप्ता घ्या. किती वेळा ब्रेक दाबावा लागला, ते दर शनिवारी लिहून देईन. अट मोडली तर विमा रद्द."

"आणि रोज शेजारी बसणार कोण?" बाईंनी मामाकडे पाहिले. मामाने खोकून आकाशाकडे पाहिले.

"मी बसेन," मास्तर म्हणाले. "घरी भाजी निवडतो. बायको म्हणते, तीही पुन्हा निवडावी लागते."

बाई हसल्या नाहीत, पण त्यांनी फाइल उघडली. "अशी अट आम्ही कधी कुणाला घातलेली नाही. उद्या समितीची बैठक आहे. त्यांच्यापुढे ठेवायचं तर आधी मला स्वतः बघावं लागेल." त्यांनी एका दिवसापुरत्या विम्याचा कागद लिहून दिला, माझा चौथा बोल्ट घट्ट बसल्याची खात्री केली आणि माझ्यापुढच्या सीटवर बसल्या. चिंध्यांचे गाठोडे आईने उचलून नेले होते. मास्तर मागे बसले.

अडीच महिन्यांनी चाके फिरली. बाईंचा पाय माझ्यावर घट्ट होता. जाड टाचेचा बूट, आणि टाच जमिनीपासून वर. मला तेव्हाच कळले, की या बाईंनी हजारो गाड्यांची जोखीम ठरवली असेल, पण शेजारच्या सीटवर ब्रेक घेऊन त्या आयुष्यात पहिल्यांदाच बसल्या आहेत.

बारकी छान चालवत होती. बाजाराचा चौक झाला, शाळेपुढचा रस्ता झाला, चढावर गाडी थांबवून पुन्हा निघाली. मग उतारावर, बऱ्याच लांब, एका माणसाने हातगाडी रस्त्याकडे वळवली. बारकीने ती पाहिली होती. तिचा पाय अॅक्सिलरेटरवरून उतरून तिच्या ब्रेकवर अलगद टेकला होता, ते मला दांड्यातून कळले. आणि त्याच क्षणी बाईंनी मला सगळ्या ताकदीने दाबले.

गाडी गचकन थांबली. मागच्या सीटवर मास्तर पुढे आपटता आपटता राहिले. मला वाटले, संपले. अठरा वर्षे ज्याने वाचवले, त्यानेच आज बुडवले.

बारकीने मागचा आरसा पाहिला, बाजूचा पाहिला, दिवा लावला, गाडी सावकाश कडेला घेतली आणि हँडब्रेक ओढला. मग बाईंकडे वळून अगदी सवयीने विचारले, "काय राहिलं?"

मागे मास्तरांनी डोळे मिटून घेतले.

"सावकाश सांगा," बारकी म्हणाली. "घाई नाही."

बाईंनी पुढे पाहिले. हातगाडी कधीच रस्ता ओलांडून गेली होती. तिच्यात आणि गाडीत अजून चार गाड्या मावल्या असत्या. त्यांनी खूप वेळ घेतला. दंतवैद्यांइतका नाही, पण बराच. "काही राहिलं नव्हतं," त्या शेवटी म्हणाल्या. "मी घाबरले."

"होतं असं. टाच खाली टेकवा आणि पाय जरा अलीकडे ठेवा. निघू या?"

"निघा," बाई म्हणाल्या, आणि टाच खाली टेकवली. पुढची पस्तीस मिनिटे त्यांचा पाय माझ्यापासून दोन बोटे दूर होता. उतरताना त्यांनी फाइलमध्ये जे लिहिले, ते त्यांनी मास्तरांना वाचून दाखवले: ब्रेक एकदा दाबला. चूक शेजारी बसणाऱ्याची. चालक शांत.

शनिवार गेला. रविवार गेला. सोमवारी सकाळी सगळे अंगणात होते, पण कोणी एकमेकांकडे बघत नव्हते. बारकीने गाडी पुसली. पुसलेली गाडी पुन्हा पुसली. मामाने दुकानातून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली होती आणि तो मेकॅनिकला, जो उगाचच आला होता, सोफ्याच्या स्प्रिंगा समजावून सांगत होता. सव्वानऊला बारकीचा फोन वाजला. तिने निरोप वाचला आणि फोन आईकडे दिला.

आईने चष्मा लावला. "समितीनं अट मंजूर केली आहे. वर्षाचा हप्ता..." तिने आकडा वाचला. तो सव्वा महिन्याच्या पगाराइतका होता.

"परत वाच," मामा म्हणाला.

आईने परत वाचला.

"नीट बघ, शून्य राहिलं असेल."

"काही राहिलेलं नाही," आई म्हणाली आणि गाडीच्या उघड्या दारात बसून तिने मापाच्या फितीनेच डोळे टिपले. मामाने कमी पडणारा पाव महिना खिशातून काढून दिला. "दुकानाला मागचं दार असतं, तसं माझ्या तिजोरीलाही असतं," एवढे बोलून तो घाईने निघून गेला. साडेअकराला कागद साहेबांच्या टेबलावर होता. दुपारी वजनांच्या पेट्या मागच्या सीटवर पट्ट्यांनी बांधून गाडी रस्त्यावर आली. बारकी चालकाच्या सीटवर, मास्तर माझ्यापुढे, पायात तेच पातळ तळव्याचे कापडी बूट.

ते सहा महिने माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले. आम्ही धान्याची गोदामे पाहिली, सोनारांची दुकाने पाहिली, बाळांचे वजन करणारा दवाखान्यातला काटा पाहिला. बारकी आत काटे तपासायची आणि मास्तर गाडीत बसून वर्तमानपत्र वाचायचे. पहिला आठवडा, शून्य. दुसरा आठवडा, शून्य. तिसऱ्या आठवड्यात एका गल्लीतून सामान वाहणारी गाडी उलटी बाहेर आली आणि मास्तरांनी मला दाबले. उगाच नाही, खरोखर गरज होती. बारकीने कडेला थांबून तीन मिनिटे विचार केला. "तिचे मागचे पांढरे दिवे लागले होते. मी मीटरकडे बघत होते."

त्या शनिवारी तिने कागदावर एक लिहिले, कारणही लिहिले. हप्ता वाढेल, कदाचित विमाच जाईल. "लिहू ना?" तिने विचारले. मास्तर म्हणाले, "मी काय सांगणार? काटे तू तपासतेस."

बाईंचे उत्तर त्याच कागदावर आले, हाताने लिहिलेले. "पहिल्या दोन शून्यांवर माझा विश्वास नव्हता. आता बसला."

त्यानंतर तेवीस आठवडे मला कोणी दाबले नाही. एकदाही नाही. सव्वीस आठवड्यांनी बाईंनी समितीपुढे बारकीचे कागद ठेवले आणि ती अट सगळ्याच तरुण चालकांसाठी खुली झाली. ज्याच्या गाडीत दुसरा ब्रेक आहे आणि शेजारी सहा महिने बसणारा माणूस आहे, त्याचा हप्ता कमी. आज त्या वेल्डिंगच्या दुकानात माझ्यासारखे ब्रेक ओळीने टांगलेले असतात. वेल्डर आता म्हातारा झाला आहे आणि अक्कलदाढेचा विनोद प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो.

मास्तरांनी शाळा पुन्हा उघडली, पण ती गाडी चालवणाऱ्यांसाठी नाही. दर शनिवारी बारकी ही गाडी त्यांना देते आणि त्यांच्याकडे आया, वडील, आत्या, निवृत्त काका येतात. शेजारी कसे बसावे, हे मास्तर त्यांना शिकवतात. पाय कुठे ठेवायचा, केव्हा दाबायचा आणि मुख्य म्हणजे केव्हा दाबायचा नाही. पहिल्या दिवशी सगळे मला उगाचच दाबतात. मामाने पहिल्या दिवशी एकवीस वेळा दाबले, त्यातले सहा वेळा गाडी उभी असताना. मास्तरांच्या वर्गात तेवढा उच्चांक अजून कोणाचा नाही.

मित्रांनो, उद्या तुम्हीही गाडी चालवाल. अर्ज समोर येईल तेव्हा जे आहे ते लिहा, आणि आकडा मोठा आला तर खोटे लिहिण्याआधी तो मोठा का आला ते विचारा. शेजारी बसलेल्या कोणी घाबरून उगाच मला दाबले, तर चिडू नका. आरसे बघा, गाडी कडेला घ्या, त्यांना श्वास घेऊ द्या. आणि माझ्यासारखा ब्रेक तुमच्या गाडीत असेल तर त्याचे रबर आठवड्यातून एकदा कोरड्या फडक्याने पुसा. ओल्या तळव्याखाली आम्ही निसटतो, आणि नेमके तेव्हाच आमची गरज असते.

बाकी माझे उत्तम चालले आहे. सोमवार ते शुक्रवार बारकी एकटी कामाला जाते. माझ्यापुढची सीट रिकामी असते. ती गर्दीतून जाते, उतारावरून जाते, पावसातून जाते. शाळा सुटायच्या वेळी शाळेसमोरून जाते. दिवसभर कोणाचाही पाय मला लागत नाही. संध्याकाळी अंगणात गाडी थांबते, दार लागते, आणि त्या दिवशीचा माझा आकडा पुन्हा शून्य असतो.